स्मार्ट घर: भिंत बंद होण्याआधी

होळीच्या दुसऱ्या दिवशी मामेबहिणीचा फोन आला. वाकडला घेतलेल्या फ्लॅटचा ताबा दिवाळीच्या सुमारास मिळणार होता, आणि घर 'स्मार्ट' करायचं म्हणून तिने आत्तापासूनच ऑनलाइन कार्ट भरून ठेवली होती. बोलणारा स्पीकर, रंग बदलणारे सहा बल्ब, बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप, दोन कॅमेरे. "दादा, यातलं काय काढू?" मी म्हटलं, सगळंच काढ. आणि शनिवारी साइटवर जाऊन बोर्डांच्या पेट्यांचे फोटो काढून पाठव.

ती जरा हिरमुसली. पण स्पीकर काय, बल्ब काय, ही सगळी वरवरची मंडळी. कधीही येतात, दोन-चार वर्षांत जुनी होतात, आवडली नाहीत तर बदलता येतात. भिंतीच्या पोटात गेलेली वायर आणि पाइप मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षं तिथेच राहणार. गिलावा झाला, पुट्टी लागली, रंगाचा शेवटचा हात बसला की साध्या एका जादा वायरीसाठी घर धुळीने भरून घ्यावं लागतं. म्हणून राहायला जाण्याआधी डोकं खर्च करायचं ते भिंतीवर. उपकरणांना घाई नाही.

पहिला प्रश्न: तुमची भिंत कशाची आहे? विटांची किंवा हलक्या ब्लॉकची असेल तर वायरमन झिरी मारून पाइप बसवतो आणि वरून गिलावा होतो. त्यात बदलाला बराच वाव असतो. पण पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या कित्येक नव्या टॉवरमध्ये बांधकाम 'मायव्हान' पद्धतीचं असतं. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटने ओततात. विजेचे पाइप आणि बोर्डांच्या पेट्या ओतण्याआधीच सळ्यांना बांधलेल्या असतात. शिवाय यातल्या भिंती इमारतीचा भार पेलतात, नुसता आडोसा करत नाहीत. त्यांत झिरी मारणं म्हणजे इमारतीच्या हाडाला कानस लावणं. सोसायटी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. अशा घरात तुमच्या हातात दोनच गोष्टी उरतात: आहे त्या पाइपांतून वायरी बदलून किंवा वाढवून घेणं, आणि फॉल्स सीलिंग करणार असाल तर त्याच्या पोकळीतून नवी वाट काढणं. त्यामुळे मायव्हानवाल्यांनी इंटिरियरवाल्याआधी वायरमनला घर दाखवावं.

ताबा मिळण्याआधी वायरिंगला हात लावायचा असेल तर बिल्डरकडून लेखी घ्या. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यानंतरची ५ वर्षं कारागिरीतले दोष बिल्डरने पदरचे पैसे घालून दुरुस्त करायचे असतात. तुम्ही परस्पर वायरी बदलल्यात की पुढे काहीही झालं तरी तो तुमच्याकडे बोट दाखवायला मोकळा. आणि काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. हा सल्ला सरकारी पत्रकासारखा वाटतो खरा, पण पुढचं वाचलंत की कारण कळेल.

आता मुख्य विषय, न्यूट्रल. या लेखातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल.

साधं बटण म्हणजे वाटेतलं फाटक. वीज डीबीतून, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीतून, फेजच्या वायरीने निघते, फाटकापाशी येते, ते उघडं असेल तर दिव्यात जाते आणि न्यूट्रलच्या वायरीने परत फिरते. फाटकाला स्वतःला काही खायला लागत नाही. म्हणून दिव्याच्या बटणापाशी वायरमन नुसता फेज आणतो आणि न्यूट्रल परस्पर दिव्याकडे नेतो. तेवढी वायर वाचते. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय, आणि त्यात चूक काही नव्हती.

स्मार्ट बटण मात्र फाटकावर बसवलेला पहारेकरी आहे. दिवा बंद असतानाही तो जागा असतो, तुमच्या हुकमाची वाट बघत. जागं राहायला त्याला थोडी वीज लागते, आणि विजेला आत यायला जशी वाट लागते तशी परत जायलाही लागते. ती परतीची वाट म्हणजे न्यूट्रल. बोर्डात तो नसेल तर पहारेकरी उपाशी.

काही कंपन्या न्यूट्रलशिवाय चालणारी बटणं विकतात. ती आपलं पोट दिव्यातूनच भरतात, म्हणजे दिवा बंद असतानाही त्यातून बारीकसा प्रवाह जाऊ देतात. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. आजचा ५ वॅटचा एलईडी तेवढ्यावरसुद्धा मिणमिणतो, नाहीतर थोड्या थोड्या वेळाने डोळा मिचकावतो. माझ्या ठाण्याच्या घरात बेडरूममध्ये हे भूत दोन महिने मुक्कामाला होतं. आईने तर उशाशी भीमसेनी कापूर ठेवला होता. शेवटी दिव्याला समांतर एक छोटासा कॅपॅसिटर जोडला तेव्हा ते गेलं. चूक माझीच होती: घर लावताना मी टाइल्सचा रंग निवडण्यात तीन शनिवार घालवले आणि वायरमनला एकही प्रश्न विचारला नाही.

आपल्याकडे एक गोष्ट बरी आहे. ज्या बोर्डात प्लगचा पॉइंट असतो तिथे न्यूट्रल असतोच, कारण प्लगला तो लागतो. हॉलमधला, किचनमधला मोठा बोर्ड त्यामुळे बहुतेक वेळा सुटतो. अडतात ते छोटे बोर्ड: बाथरूमबाहेरचा, पॅसेजमधला, पलंगाच्या उशाचं टू-वे बटण (एकच दिवा दोन जागांवरून लावणारं), रो-हाउस असेल तर जिन्यातला. नेमक्या याच जागा आपोआप लागणाऱ्या दिव्यांसाठी सगळ्यात सोयीच्या असतात.

पण प्लगचा न्यूट्रल उचलून दिव्याच्या स्मार्ट बटणाला जोडला की काम झालं, असं नाही. इथेच परवानाधारक माणूस लागतो. ज्या सर्किटचा फेज, त्याच सर्किटचा न्यूट्रल हवा. डीबीतली आरसीसीबी नावाची पेटी सतत एकच हिशेब करत असते: या वाटेने जितकी वीज गेली तितकीच परत आली का? ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की कोणाला तरी शॉक बसतोय असं समजून ती वीज तोडते. एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल अशी सोयरीक जुळवली की तिचा हिशेब चुकतो, आणि दिवा लावला की अर्धं घर अंधारात. इन्व्हर्टरची लाइन वेगळी असलेल्या घरांत हा गोंधळ फार होतो. अशा वेळी काही वायरमन आरसीसीबीच काढून टाकायचा उपाय सुचवतात. तो उपाय नाही, गुन्हा आहे.

तर वायरमनला सांगायचं ते असं: प्रत्येक बोर्डात, कितीही छोटा असो, त्याच सर्किटचा न्यूट्रल काळ्या वायरीने टाक. आज वापरायचा नसेल तर टोक बंद करून आत ठेवून दे. फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवं. हातात जे बंडल शिल्लक आहे ते चालवून टाकायची सवय असते, म्हणून काम चालू असताना एक फेरी मारावी. टू-वेचा दिवा असेल तर दोनपैकी कुठल्या पेटीत स्मार्ट बटण बसणार हेही तेव्हाच ठरवा, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या वायरी तिथे येतील.

पेटीच्या आकाराचंही तेच. हल्ली सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नेहमीची मॉड्युलर बटणं तशीच ठेवायची आणि त्यांच्या मागे काडेपेटीएवढं स्मार्ट मॉड्यूल लपवायचं. बाहेरून काही दिसत नाही, बटण पूर्वीसारखंच दाबता येतं. पण वायरींनी आधीच ठासलेल्या पेटीत काडेपेटीला तरी जागा कुठली? दाबून बसवलं तर मॉड्यूल तापतं. पेटी एक माप मोठी घ्या, ६ मॉड्यूलच्या (म्हणजे सहा बटणं मावणाऱ्या) पेटीजागी ८ ची, आणि मिळेल तितकी खोल घ्या. फरक काही रुपयांचा पडतो.

आता विजेचा भार. दिवे दहा-वीस वॅटचे, त्यांना कुठलंही मॉड्यूल चालतं. गिझरचं तसं नाही. २ किलोवॅटचा गिझर आपल्या २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर खेचतो, ३ किलोवॅटचा इन्स्टंट असेल तर १३. ज्या मॉड्यूलवर १० अँपिअर लिहिलंय त्यावर रोज तासभर ९ अँपिअर चालवणं म्हणजे टेम्पोत काठोकाठ माल भरून रोज घाट चढवणं. काही दिवस चढतो. गिझरसाठी १६ अँपिअरचंच घ्या. बाकी गिझर हे स्मार्ट करण्याजोगं उपकरण खरंच आहे: सकाळी साडेपाचला लागला, सहाला बंद झाला, कोण विसरलं यावरून भांडण नाही.

एसी मात्र मॉड्यूलने तोडू-जोडू नका. चालता कॉम्प्रेसर एकदम वीज गेल्यासारखा बंद करणं त्याला मानवत नाही. त्यासाठी रिमोटची नक्कल करणारी छोटी डबी मिळते. ती इन्फ्रारेड उजेडावर चालते आणि हा उजेड भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून एसीच्या समोर, त्याच खोलीत, तिच्यासाठी एक पॉइंट हवा. खोलीगणिक एक डबी.

पंख्यांत पैसे वाया जातात ते असे: बिल्डर प्रत्येक बोर्डात रेग्युलेटर बसवून देतो आणि घरमालक नंतर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे आणतो. हे पंखे चांगले. जुना पंखा ७०-८० वॅट खातो, हा तीसेक वॅटमध्ये भागवतो. पण त्याच्या पोटात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि वेग तेच सांभाळतं. बाहेरून रेग्युलेटर लावला तर ते बिघडतं. बीएलडीसी घ्यायचे ठरले असतील तर बिल्डरला आधीच सांगा, रेग्युलेटरच्या जागी कोरी पट्टी दे.

आणि डीबीत एक सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारी डबी. वळवाचा पाऊस, दूर कुठेतरी वीज पडणं, गेलेली लाइट झटक्यात येणं, यातला दाब पूर्वी टीव्ही-फ्रिजपुरता त्रासदायक होता. आता प्रत्येक बोर्डात नाजूक इलेक्ट्रॉनिक्स बसणार आहे.

भिंतीतली दुसरी महत्त्वाची वायर म्हणजे इंटरनेटची. आपल्याकडे फायबर येतो डक्टमधून, मुख्य दाराशी. इंस्टॉलेशनवाला दारामागे, चपलांच्या कपाटावर राउटर टांगतो आणि जातो. मग शेवटच्या बेडरूममधला कॅमेरा दर तासाला रुसतो. काँक्रीट, त्यातल्या सळ्या, बाथरूमच्या टाइल्स, फ्रिज, लोखंडी कपाट, या सगळ्यांना ओलांडून वायफाय पोचायचं असतं. त्यातही ५ गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान पण भिंतीपुढे लवकर दमतो, २.४ चा हळू पण दूर जाणारा, आणि स्मार्ट प्लग-बल्ब बहुतेक याच २.४ वर बोलतात.

उपाय जुनाच: तार. दारापासून घराच्या मध्यापर्यंत, म्हणजे पॅसेजच्या माळ्यावर किंवा छताशी, एक रिकामा पाइप आणि त्यातून कॅट-६ केबल. तिथून हॉलच्या टीव्हीमागे एक, प्रत्येक बेडरूमला एक. कॅमेरा लावायची जागा ठरली असेल तर तिथेही, कारण हीच केबल कॅमेऱ्याला वीजही पुरवू शकते. वेगळा प्लग लागत नाही. १०० मीटरपर्यंत ही केबल चालते, म्हणजे फ्लॅटला पुरून उरते. फक्त केबल शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती वीज वाहून न्यायला कुचकामी. विजेच्या वायरीच्या पाइपात ही केबल घालू देऊ नका, पाइप वेगळा. पाइपात एक नायलॉनची दोरीही सोडून ठेवा, पुढे काही ओढायचं झालं तर तीच कामी येते.

राउटर जिथे बसणार तिथले प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. महावितरणने लाइट घालवली आणि राउटर झोपला की बॅटरीवरचं वायफाय कुलूपसुद्धा फोनला ओळख देत नाही. याचंच दुसरं टोक म्हणजे लाइट परत येते तेव्हा. पहाटे तीनला वीज आली आणि घरातले सगळे स्मार्ट बल्ब एकदम पेटले, हा प्रसंग ज्याने बघितला तो विसरत नाही. ॲपमध्ये 'वीज आल्यावर काय करायचं' असा पर्याय असतो. तिथे 'आधी होतं तसंच' निवडून ठेवा.

आता ती नावं, जी खोक्यावर वाचून माणूस गांगरतो. वायफाय माहीत आहे: हब, म्हणजे उपकरणं आणि राउटर यांच्यामधला दुभाषी डबा, लागत नाही, पण चाळीस उपकरणं झाली की फुकट मिळालेला राउटर धापा टाकतो. झिग्बी हा वेगळा रेडिओ. त्याला हब लागतो, पण विजेवर चालणारं जवळजवळ प्रत्येक झिग्बी उपकरण निरोप पुढच्याकडे पोचवतं, चाळीतल्या शेजाऱ्यांसारखं. त्यामुळे जितकी उपकरणं जास्त तितकं जाळं पक्कं. बॅटरीवरचे सेन्सर मात्र निरोप्याचं काम करत नाहीत, ते स्वतःपुरते. थ्रेड साधारण याच जातीचा नवा रेडिओ. आणि मॅटर? ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला मॅटर हा रेडिओ नव्हेच. ती भाषा आहे, आणि वायफाय, थ्रेड हे रस्ते. तुम्ही मोबाइलवर बोला की लँडलाइनवर, मराठी ती मराठीच. मॅटरचं चिन्ह असलेलं उपकरण ॲपल, गूगल, ॲमेझॉन यांपैकी कुणाच्याही घरात नांदू शकतं, निदान मूळ कामांपुरतं. नवीन घ्यायचं तर ते चिन्ह बघून घ्यावं, पण निव्वळ त्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

झेड-वेव्ह नावाचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याची आठवण अमेरिकेतल्या भावा-बहिणींमुळे होते. तिकडून हौसेने आणलेलं झेड-वेव्ह बटण इथे चालत नाही. तिथे ते ९०८ मेगाहर्ट्झवर बोलतं, भारतात त्यासाठी ८६५ चा पट्टा आहे. शिवाय तिकडची वीज १२० व्होल्टची, आणि बटणांच्या पेट्यांचा आकारही वेगळा. त्यांना बदाम-पिस्तेच आणायला सांगा.

एक प्रश्न दुकानात जरूर विचारा: इंटरनेट बंद असताना हे चालतं का? पुष्कळ स्वस्त उपकरणांत तुमच्या बोटापासून तुमच्याच दिव्यापर्यंतचा हुकूम परदेशातल्या सर्व्हरला प्रदक्षिणा घालून येतो. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर न सांगता बंद पडले आणि हजारो घरांतली ॲप मुकी झाली. पुढे तिच्या काही ग्राहकांनीच कंपनी विकत घेऊन ती सुरू केली, पण असे ग्राहक प्रत्येक कंपनीच्या नशिबी नसतात. ज्यांना हात काळे करायची आवड आहे त्यांच्यासाठी 'होम असिस्टंट' ही फुकट, खुली प्रणाली आहे. २०१३ पासून चालू आहे, घरातल्याच छोट्या संगणकावर बसते आणि इंटरनेटवाचून काम करते. मी तीच वापरतो. पण बहिणीला सुचवली नाही. तिला दिवे लावायचेत, छंद लावून घ्यायचा नाही.

कुलपाबद्दल तिने पुन्हा विचारलं, म्हणून एवढंच: आपल्याकडे लाकडी दाराच्या बाहेर जाळीचं दार असतं. ठशाचं कुलूप चांगलं जाडजूड असतं आणि त्याचं हँडल पुढे येतं. दोन दारांमधली जागा मोजली नाही तर बाहेरचं दार लागतच नाही. दाराची जाडी, ही मधली जागा आणि चौकटीत कुलपाचा खाचा पाडायला किती लाकूड आहे, ही तीन मापं सुताराला विचारून मगच कुलूप. किल्लीने उघडायची सोय असलेलंच घ्या.

कॅमेरा लावताना दारातून शेजाऱ्यांचं घर दिसत नाही ना, ते आधी बघा.

आणि आजी. मामांकडे आजी आहे, वय ८६. तिला बोलून दिवा लावायची गंमत वाटेल, चार दिवस. पाचव्या दिवशी ती उठून भिंतीवरचं बटण दाबणार आणि दिवा लागलाच पाहिजे. रंगीत स्मार्ट बल्बांना माझा विरोध आहे तो यासाठी. कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बचा वीजपुरवठाच तुटतो, मग फोन कितीही आपटा. बटणामागचं मॉड्यूल मात्र दोन्ही बाजू सांभाळतं, आजीचं बोटही आणि नातीचा फोनही.

शनिवारी बहीण साइटवर गेली. भिंती ब्लॉकच्या, झिऱ्या मारून पाइप बसलेले, गिलावा बाकी. बाथरूमबाहेरच्या आणि दोन्ही उशांकडच्या पेट्यांत न्यूट्रल नव्हता, तो आता पडतोय. पॅसेजच्या माळ्यापर्यंत जादा पाइपही कबूल झालाय. मी सांगितलं होतं की प्रत्येक भिंत गिलाव्याआधी समोरून टिप, आणि फोटोत मोजपट्टी दिसू दे, म्हणजे पुढे देवघराचा खिळा मारताना पाइप कुठून गेलाय ते कळेल. रात्री व्हॉट्सॲपवर एकशे बारा फोटो आले. जवळजवळ प्रत्येकात टेपचं वरचं टोक धरलेला मामांचा अंगठा आहे, आणि किचनच्या फोटोत खालचं टोक चपलेखाली दाबून धरलेली आजी.